गच्चीवरच्या पर्जन्यमापकाला वेळेवर उठवायचं कसं: डीएस३२३१चे अलार्म, पायरीपायरीने

बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पात मायक्रोकंट्रोलरने जवळजवळ सगळा वेळ झोपलेलं असावं, ठरल्या वेळी उठावं, काम उरकावं आणि पुन्हा झोपावं. त्याला उठवण्याचं काम घड्याळाच्या चिपचं, म्हणजे आरटीसीचं; डीएस३२३१ ही अशीच एक चिप. नवखे लोक अलार्म लावण्यावर सगळी मेहनत घेतात. खरी मेख मात्र अलार्म वाजल्यानंतर असते: तो बंद करणं, पुढच्या वेळेसाठी मोकळा ठेवणं आणि मधल्या काळात बॅटरी खरोखर वाचते आहे ना, हे मोजून पाहणं. बंद पडलेले बहुतेक प्रकल्प या तीनपैकी कशात तरी अडकलेले असतात.

उदाहरणाला पुण्यातल्या गच्चीवरचं पर्जन्यमापक घेऊ. हवामान खात्यात एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस. आपली नोंद शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघायची असेल तर आपला दिवसही साडेआठलाच संपला पाहिजे. म्हणून दर तासाला ३० व्या मिनिटाला एक नोंद करायची आणि रोज साडेआठला दिवसाची खूण म्हणून बॅटरीचा व्होल्टेज लिहून ठेवायचा. डीएस३२३१ मध्ये दोन अलार्म आहेत आणि आपल्याला दोन्ही लागणार आहेत.

सामान

- अर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवाला, एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचा
- डीएस३२३१ चं मॉड्यूल, ज्यावर एटी२४सी३२ ही मेमरी चिपही असते
- सीआर२०३२ सेल
- तीन डबल-ए अल्कलाइन सेल आणि त्यांचं होल्डर
- रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा स्विच) असलेलं, एका झोक्याला, म्हणजे आतलं तराजू एकदा कलंडलं की, अर्धा मिलिमीटर मोजणारं पर्जन्यमापक
- प्रोग्राम चढवायला यूएसबी-टीटीएल केबल
- मायक्रोअँपियरची रेंज असलेला मल्टिमीटर

हे सगळं पुण्यात पसोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत मिळतं. दुकानात नुसतं ‘आरटीसी मॉड्यूल’ मागितलंत तर डीएस१३०७ हातात पडण्याची शक्यता असते. ते घेऊ नका. त्यात अलार्मच नाही, त्याला ५ व्होल्ट लागतात आणि साध्या क्रिस्टलमुळे ते महिन्याला मिनिटभर सहज चुकतं. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या आतच असतो आणि तापमानाप्रमाणे चूक दुरुस्त होते. ० ते ४० अंशांत फरक २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोनच्या) आत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. चिपवर काय छापलंय तेही वाचा. डीएस३२३१एम असेल तर अचूकता ५ पीपीएम, म्हणजे वर्षाला अडीच मिनिटांच्या आसपास. आपल्या कामाला तीही चालते, पण काय घेतोय ते माहीत असावं.

आधी बोर्डावरचे दोन चोर काढा

प्रो मिनीवरचा पॉवर एलईडी दिवसरात्र जळत असतो. तो २ मिलिअँपियर घेतो असं धरलं, तर २००० मिलिअँपियर-तासांचे सेल १००० तासांत, म्हणजे जेमतेम ४१ दिवसांत संपतील. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस होतात. तो एलईडी किंवा त्याचा रेझिस्टर तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने काढून टाका. रेग्युलेटरही काढा, कारण आपण सेल थेट व्हीसीसीला, म्हणजे बोर्डाच्या वीज घेणाऱ्या पायाला, जोडणार आहोत. नवे तीन सेल मिळून ४.८ व्होल्टपर्यंत देतात. एटीमेगा आणि डीएस३२३१ दोघांनाही ५.५ व्होल्टपर्यंत चालतं. खालच्या बाजूला ८ मेगाहर्ट्झच्या बोर्डाचा ब्राउन-आउट (व्होल्टेज फार पडला की चिप थांबवणारी सोय) बहुधा २.७ व्होल्टवर लावलेला असतो, म्हणजे प्रत्येक सेल ०.९ व्होल्टपर्यंत पिळून घेता येतो. दोनच सेल लावले तर प्रत्येकी १.३५ व्होल्टलाच बोर्ड मान टाकतो आणि सेलमधली बरीच शक्ती वाया जाते. म्हणून तीन.

रेग्युलेटर काढल्यावर उलट्या जोडणीपासून कोणतंही संरक्षण उरत नाही. सेल घालण्याआधी लाल आणि काळी वायर दोनदा बघा. प्रोग्राम चढवताना सेल काढून ठेवा.

डीएस३२३१ च्या निळ्या, स्वस्त मॉड्यूलवर आणखी एक घातक गोष्ट असते. सीआर२०३२ च्या बाजूला २०० ओहमचा रेझिस्टर आणि एक काचेचा डायोड असतो. ते चार्जिंग सर्किट आहे, आणि ते रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी आहे. सीआर२०३२ रिचार्ज होत नाही. त्याला ४.८ व्होल्टवरून सतत करंट ढकलला तर सेल फुगतो, गळतो. डायोड किंवा रेझिस्टर यांतला एक काढला की काम झालं. मॉड्यूलवरचा एलईडीही त्याच बैठकीत काढून टाका.

जोडणी

मॉड्यूलचं व्हीसीसी आणि ग्राउंड प्रो मिनीच्या व्हीसीसी-ग्राउंडला. एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला; या दोन वायरींवरून होणाऱ्या संवादाला आयटूसी म्हणतात. प्रो मिनीवर ए४ आणि ए५ कडेच्या रांगेत नसून बोर्डाच्या आतल्या बाजूला वेगळी भोकं असतात, तिथे वायर सोल्डर करावी लागते. मॉड्यूलचा एसक्यूडब्ल्यू पाय डी२ ला. रीड स्विच डी३ आणि ग्राउंडच्या मध्ये.

एसक्यूडब्ल्यू हा पाय ओपन-ड्रेन आहे. चिप त्याला फक्त खाली, ग्राउंडकडे ओढू शकते. वर ओढायला रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, लागतो. मॉड्यूलवर तो ४.७ किलोओहमचा आधीच असतो, दुसरा लावू नका. सुटी चिप वापरत असाल तर १० किलोओहम लावा. अलार्म वाजला की हा पाय शून्यावर जातो आणि आपण झेंडा (अलार्म वाजल्याची चिपमधली खूण, म्हणजे फ्लॅग बिट) उतरवेपर्यंत शून्यावरच राहतो. तेवढा वेळ ४.७ किलोओहममधून जवळजवळ १ मिलिअँपियर वाहत असतो. अलार्म बंद करायला विसरलेला प्रोग्राम बॅटरी कशी खातो, याचं उत्तर या एका रेझिस्टरात आहे.

वेळ लावणं

प्रोग्राम कंपाइल झाला तेव्हाची संगणकाची वेळ घड्याळात भरणं ही रूढ पद्धत आहे. तिच्यात काही सेकंदांची पिछाडी येते, पण ते चालतं. मोठा घोळ वेगळाच आहे. वेळ भरण्याची ओळ सेटअपमध्ये तशीच राहिली, तर बोर्ड रीसेट झाला की घड्याळ पुन्हा त्या जुन्या वेळेवर जातं. म्हणून आधी स्टेटस रजिस्टरचा (रजिस्टर म्हणजे चिपमधला एका बाइटचा खाना), म्हणजे ०एफ या पत्त्याचा, ७ क्रमांकाचा बिट वाचा. तो १ असेल तर ऑसिलेटर मध्ये कधीतरी थांबला होता, वेळेवर विश्वास ठेवू नका. फक्त त्याच वेळी घड्याळ लावा आणि मग तो बिट ० करा.

इंटरनेटवरून वेळ घेत असाल तर ती यूटीसी असते. तिच्यात साडेपाच तास, म्हणजे १९८०० सेकंद मिळवा. भारतात उन्हाळी वेळेची भानगड नाही, त्यामुळे घड्याळ सरळ भारतीय वेळेवर ठेवलं तरी चालतं.

अलार्म भरणं

डीएस३२३१ चा आयटूसी पत्ता हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ६८. आतले आकडे बीसीडीत, म्हणजे प्रत्येक दशमान अंक वेगळा लिहून, असतात. ३० मिनिटं लिहायची तर रजिस्टरमध्ये हेक्स ३० जातं. दशमान ३० पाठवलं तर ते हेक्समध्ये १ई होतं. ते बीसीडीतलं मिनिटच नव्हे, त्यामुळे अलार्म कधीच जुळत नाही. लायब्ररी वापरली तर हे रूपांतर ती करते. तरी एकदा हाताने रजिस्टर भरून बघा, पुढचे सगळे घोळ शोधणं सोपं जातं.

पहिला अलार्म, रोज ८:३०:०० ला. पत्ते ०७ ते ०ए. त्यांत क्रमाने भरा: ००, ३०, ०८, ८०. पहिले तीन म्हणजे सेकंद, मिनिट, तास. चौथ्यातल्या ८० मुळे सर्वांत वरचा बिट १ होतो, म्हणजे ‘तारीख बघू नकोस’. प्रत्येक रजिस्टरचा हा वरचा बिट म्हणजे ते खातं दुर्लक्षित करण्याची खूण. चौथ्यात ८० ऐवजी ०१ गेलं तर अलार्म फक्त महिन्याच्या १ तारखेला वाजेल आणि तुम्ही रोज वाट बघत बसाल.

दुसरा अलार्म, दर तासाच्या ३० व्या मिनिटाला. पत्ते ०बी ते ०डी, भरा: ३०, ८०, ८०. या अलार्मला सेकंदाचं खातं नाही, तो मिनिटाच्या ०० सेकंदाला वाजतो.

आता कंट्रोल रजिस्टर, पत्ता ०ई. त्यात हेक्स ४७ लिहा. हा आकडा फोडून बघण्यासारखा आहे. ० आणि १ क्रमांकाचे बिट दोन्ही अलार्मना पाय ओढण्याची परवानगी देतात. २ क्रमांकाचा बिट सांगतो की हा पाय चौकोनी लहरीसाठी नसून अलार्मसाठी आहे. ६ क्रमांकाचा बिट मुख्य वीज पडली तरी, नाण्याएवढ्या सेलवर असतानाही पाय चालू ठेवतो. तो ० ठेवला आणि व्होल्टेज साधारण २.६ च्या खाली गेला, तर चिप पायावरचा हात सोडून देते. घड्याळ चालू, अलार्मचा झेंडाही वर होतो, पण मायक्रोकंट्रोलरला पत्ताच लागत नाही. आपल्या तीन सेलांवर ही वेळ उशिरा येते. पुढे ब्राउन-आउट १.८ वर आणून दोन सेलांवर गेलात की मात्र हा बिट हमखास लागतो.

शेवटी स्टेटस रजिस्टरमध्ये ०० लिहा. दोन्ही झेंडे उतरतात आणि ३२ किलोहर्ट्झचा न लागणारा पायही बंद होतो. हे अगदी पहिल्यांदा करणं फार गरजेचं आहे. मॉड्यूलला स्वतःचा सेल असल्यामुळे आधीच्या प्रोग्रामने लावलेले अलार्म नवा प्रोग्राम चढवला तरी तसेच राहतात, आणि कोरी चिप झेंडे कोणत्या स्थितीत घेऊन सुरू होईल याचा नेम नाही.

झोपवण्याचा क्रम

हा क्रम जसाच्या तसा पाळा.

१. सिरियल पोर्टवर काही छापलं असेल तर ते पूर्ण बाहेर जाईपर्यंत थांबा, नाहीतर अर्धवट कचरा दिसतो.
२. एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करा. तो चालू राहिला तर झोपेतही शंभराहून जास्त मायक्रोअँपियर घेतो.
३. सगळे इंटरप्ट (चालू काम थांबवून दखल घ्यायला लावणारे इशारे) बंद करा. पॉवर-डाउन मोड निवडा, झोपेला परवानगी द्या.
४. डी२ ला लो-लेव्हल इंटरप्ट, म्हणजे पाय शून्यावर असेपर्यंत येत राहणारा, जोडा.
५. ब्राउन-आउट झोपेपुरता बंद करा. यानंतर तीन क्लॉकच्या आत झोपेची सूचना गेली पाहिजे, नाहीतर ही विनंती रद्द होते.
६. इंटरप्ट चालू करा आणि लगेच पुढच्याच ओळीत झोपेची सूचना द्या.

सहाव्या पायरीमागचं कारण समजून घ्या. एव्हीआर चिपमध्ये (एटीमेगा त्यांतलीच) इंटरप्ट चालू करण्याच्या सूचनेनंतरची एक सूचना नक्की चालते, मगच थांबलेला इंटरप्ट घेतला जातो. त्यामुळे अलार्म नेमका या फटीत वाजला तरी चिप झोपते आणि तत्क्षणी उठते. मध्ये एखादी छापण्याची ओळ घातलीत, तर इंटरप्ट आधीच येऊन जाईल, आणि त्याच्या फंक्शनने झोपेची परवानगी काढली नसेल तर त्यानंतर चिप झोपेल.

इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त दोन कामं: झोपेची परवानगी काढा आणि डी२ वरचा इंटरप्ट काढून टाका. पाय अजून शून्यावरच असतो. इंटरप्ट काढला नाही तर तेच फंक्शन पुन्हापुन्हा चालत राहतं आणि मुख्य प्रोग्राम जवळजवळ जागचा हलत नाही. घड्याळाशी आयटूसीवर बोलणं इथे अजिबात नको. अर्डुइनोची वायर लायब्ररी स्वतः इंटरप्टवर चालते आणि इंटरप्टच्या आत ते बंद असतात, त्यामुळे प्रोग्राम तिथेच लटकतो.

काही जण लेव्हलऐवजी फॉलिंग एज, म्हणजे पाय खाली येण्याचा क्षण, वापरतात. आमचा कौल लेव्हलला. एज एकदा हुकली की पाय शून्यावर तसाच राहतो, पुन्हा खाली येणार कुठून? मग प्रकल्प कायमचा झोपतो. लेव्हलमध्ये चूक झाली तर तो सारखा उठतो. तेही वाईटच, पण ते मीटरवर दिसतं आणि दुरुस्त करता येतं.

उठल्यावर: इथे सावकाश जा

सकाळी साडेआठला काय होतं ते बघा. पहिला अलार्म ८:३०:०० चा. दुसरा दर तासाच्या ३० व्या मिनिटाचा. दोघेही एकाच क्षणी वाजतात आणि एकच पाय दोघे मिळून खाली धरतात. प्रोग्राममध्ये ‘पहिला वाजला असेल तर हे कर, नाहीतर दुसरा’ असं लिहिलं, तर पहिल्याचा झेंडा उतरतो, दुसऱ्याचा तसाच राहतो. पाय खालीच. दिवसभर २३ वेळा बरोबर चाललेला प्रोग्राम साडेआठला नेमका घसरतो, आणि टेबलावर अर्धा तास चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

म्हणून उठल्याबरोबर स्टेटस रजिस्टर एकदाच वाचा आणि व्हेरिएबलमध्ये ठेवा. जे झेंडे वर दिसले तेवढे लगेच उतरवा. मग ठेवलेल्या प्रतीत ० क्रमांकाचा बिट स्वतंत्र तपासा, १ क्रमांकाचा स्वतंत्र. मध्ये ‘नाहीतर’ नको. झेंड्याच्या बिटावर ० लिहिला तर तो उतरतो, १ लिहिला तर काही होत नाही. त्यामुळे वाचन आणि लेखन यांच्यामध्ये दुसरा अलार्म वाजला तरी तो चुकून पुसला जात नाही.

झेंडे आधी, काम नंतर. काम लांबलं आणि तेवढ्यात पुढचा अलार्म वाजला, तर त्याचा झेंडा शाबूत राहतो आणि झोपताना लगेच जाग येते. उलट क्रमात, काम संपल्यावर झेंडे पुसले, तर मधला अलार्म हिशेबातूनच जातो. झोपण्याआधी डी२ एकदा वाचून तो वर आहे याची खात्री करा, नसेल तर पुन्हा स्टेटस वाचा.

रीड स्विचनेही जाग येते, म्हणून ‘उठलो म्हणजे अलार्मच’ असं धरू नका. डी३ साठी पिन-चेंज इंटरप्ट वापरा. पर्जन्यमापकाचं तराजू मध्येच अडकून स्विच मिटलेला राहिला तरी पिन-चेंज फक्त बदलाला उठतो. झोपेत मिलिसेकंदांचं घड्याळ थांबलेलं असतं, हेही लक्षात असू द्या. स्विचच्या थरथरीतले खोटे झोके गाळायला त्याचा भरवसा धरू नका. ५० मिलिसेकंदांचा साधा विराम पुरतो.

दर १५ मिनिटांनी नोंद हवी असेल तर

त्यासाठी अलार्मच्या वरच्या बिटांत थेट सोय नाही. दर वेळी पुढचं मिनिट मोजून भरावं लागतं. ५० अधिक १५ म्हणजे ६५, आणि ६५ वं मिनिट येत नाही. बेरजेनंतर ६० ने भागून बाकी घ्या. भरून झाल्यावर वेळ पुन्हा वाचा. भरलेलं मिनिट तेवढ्यात सरून गेलं असेल, तर अलार्म तासाभराने वाजेल. तारखेसकट अलार्म लावला असेल तर थेट पुढच्या महिन्यात.

नोंदी कुठे ठेवायच्या

मॉड्यूलवरच्या एटी२४सी३२ मध्ये ४०९६ बाइट असतात, पत्ता बहुधा हेक्स ५७. १२२ दिवसांचे तास २९२८. तासाला एक बाइट, दिवसाला बॅटरीचा एक बाइट, मिळून ३०५०. पुण्याचा अख्खा पावसाळा त्यात मावतो, एसडी कार्ड लागत नाही. एका बाइटमध्ये २५५ झोके, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने तासाला १२७ मिलिमीटर. प्रत्येक बाइट लिहिल्यावर १० मिलिसेकंद थांबा. बॅटरीचा व्होल्टेज मोजायला बाहेरून काही जोडायचं नाही, एटीमेगाच्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भावरून व्हीसीसी काढता येतो. त्याआधी एडीसी पुन्हा चालू करायला विसरू नका.

मीटर लावा

केबल काढा आणि सेलच्या वायरमध्ये मीटर घाला. सुरुवातीलाच मायक्रोअँपियरची रेंज लावू नका. बोर्ड जागा असताना काही मिलिअँपियर घेतो, त्या रेंजच्या आतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतो आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. मिलिअँपियरवर सुरू करा, किंवा मीटरची दोन टोकं वायरने जोडा आणि बोर्ड झोपल्यावर वायर काढा.

झोपेत १०० ते १५० मायक्रोअँपियर दिसले तर सगळं ठीक. त्यातला जवळजवळ सगळा वाटा व्हीसीसीवर चालणाऱ्या डीएस३२३१ चा. १४० धरले तरी २९२८ तासांचे सुमारे ४१० मिलिअँपियर-तास होतात, सेल आरामात पुरतात. १ मिलिअँपियरच्या आसपास आकडा असेल तर झेंडा उतरलेला नाही. २-३ मिलिअँपियर असेल तर एखादा एलईडी राहिलाय.

डीएस३२३१ ला एका पायावरून वीज देऊन झोपेत ती तोडायची आणि त्याला १ मायक्रोअँपियरच्या आसपास नाणं-सेलवर ठेवायचं, अशी युक्तीही आहे. पण मॉड्यूलवरचे पुल-अप त्याच व्हीसीसीला असतात. वीज तोडली की ते एसक्यूडब्ल्यूला खाली ओढतात आणि बोर्ड लगेच उठतो. आधी ते रेझिस्टर काढून एसक्यूडब्ल्यूला सेलवरून वेगळा पुल-अप द्यावा लागतो. एका पावसाळ्यासाठी हा खटाटोप नको.

ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ असेल तर

ईएसपी३२ डीप स्लीपमधून उठल्यावर प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, तेव्हा झेंडे सेटअपमध्येच उतरवा. त्याचा ईएक्सटी-० हा प्रकारही लेव्हल बघतो, झेंडा राहिला तर जागं-झोप-जागं असं चक्र लागतं. पाय आरटीसीशी जोडलेला हवा, ३३ चालतो. ३४ ते ३९ ला आतले पुल-अप नाहीत.

एसटीएम३२ मध्ये आरटीसी आतच असतो, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल मात्र बाहेर लागतो. वेळ वाचल्यावर तारीखही वाचलीच पाहिजे, नाहीतर पुढचं वाचन जुन्याच वेळेवर गोठतं. अलार्मचा झेंडा आणि एक्स्टी लाइनचा (अलार्मचा इशारा इंटरप्टपर्यंत नेणाऱ्या वाटेचा) झेंडा, दोन्ही पुसा. स्टॉप मोडमधून उठल्यावर चिप आतल्या क्लॉकवर येते. तो पुन्हा नीट लावेपर्यंत सिरियल पोर्टवर अगम्य अक्षरं येऊ शकतात.

गच्चीवर नेण्याआधी

घड्याळ ८:२९:३० ला लावा आणि दोन्ही अलार्म एकत्र वाजताना बघा. मग २३:२९:३० ला लावून मध्यरात्र ओलांडू द्या. ३० जूनवरून १ जुलैवर जाऊ द्या. डबल-ए सेल काढा, दहा मिनिटांनी घाला, वेळ टिकली का पाहा. डी३ वर भराभर टिचक्या मारत असतानाच अलार्म येऊ द्या.

डबा बंद करताना सिलिका जेलची पुडी टाका आणि वायरी खालून आत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत जाणार नाही. पहिल्या आठवड्यानंतर मेमरी वाचा: १६८ तासांच्या नोंदी आणि ७ बॅटरीच्या. तासांच्या कमी भरल्या तर अलार्म हुकतोय. जास्त भरल्या तर रीड स्विचची जाग अलार्म म्हणून मोजली जातेय, स्टेटसची तपासणी पुन्हा वाचा.